नातीचा पाच वर्षांचा डोस

आई,

आज तुझ्या नातीला पाच वर्षांचा डोस दिला. काही झालं नाही. आधी हेच सांगते, म्हणजे पुढचं तू शांतपणे ऐकशील.

ती तू गेल्यावर झाली, तू तिला पाहिलं नाहीस. नाक तुझं आहे, बडबड कुणाची ते कळत नाही. माझी तर नाहीच. तान्हेपणीचे तिचे सगळे डोस नीट झाले होते. पण माझेही झालेच होते ना? म्हणून आठवडाभर मी धास्तीत होते. ह्यांना काही बोलले नाही. इथल्या, लातूरच्या डॉक्टरीणबाईंना मात्र माझं लहानपणीचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला झालं म्हणून हिला होईलच असं नाही. आपण सगळं तयार ठेवून देऊ." त्यांनी टेबलावर, श्वास अडकला तर टोचायच्या औषधाची, ती छोटी काचेची कुपी काढून ठेवली आणि मी एकदम लोह्याजवळच्या तुझ्या आरोग्य केंद्रात जाऊन पोचले.

लसीकरणाचा वार आहे. व्हरांड्यात बायका लेकरं घेऊन बसल्यात. टोचून झालं की तू प्रत्येकीच्या एका पायातली चप्पल काढून घेतेस आणि टेबलाखालच्या खोक्यात टाकतेस. अर्धा तास झाल्याशिवाय ती परत मिळत नाही.

"सिस्टर, चपलांचं दुकान टाकून राहिल्या काय?" एक जण विचारते.

"दुकान टाकायचं असतं तर जोड घेतला असता. बस गप, लेकराकडं बघ."

दुसरी कुरकुरते, सोयाबीन काढायला जायचंय म्हणून. तू तिला चहा देतेस, चप्पल देत नाहीस.

त्या दिवशी आम्हा पाचवीच्या मुलींनाही धनुर्वाताचं टोचलं. मी हळूच निघाले. सिस्टरची मुलगी, मला कोण अडवणार! "ए, कुठं? तुला सूट न्हाई. काढ चप्पल." मी फुगून भिंतीला टेकून बसले. तळहात खाजायला लागले. मग अंगभर गांधी उठल्या, घसा दाटला, आणि तुला हाक मारायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. पण तू बघत होतीस. "साहेब!" एवढंच ओरडलीस. डॉक्टर साहेब आतून पळत येईपर्यंत तू मला फरशीवर आडवं करून माझे पाय सतरंजीच्या गुंडाळीवर ठेवले होतेस. मांडीत सुई गेली. तुझी बोटं माझ्या मनगटावर होती आणि नजर घड्याळावर. माझ्याकडे तू बघतही नव्हतीस, याचा मला त्या अवस्थेतही राग आला होता. हळूहळू श्वास मोकळा झाला. नांदेडला न्यायला जीप आली तेव्हा एक म्हातारी मागून पळत आली, "अगं सिस्टर, लेकराची चप्पल राहिली की!" तू इतकी हसलीस, इतकी हसलीस, की हसता हसताच पदर तोंडाला लावून रडायला लागलीस.

पुढच्या महिन्यात व्हरांडा रिकामा. सिस्टरच्याच लेकीला असं झालं तर आपल्या लेकराचं काय, असं गावात चाललं होतं. तू कुणाला समजवायला गेली नाहीस. मला नवा फ्रॉक घातलास, हातात जिलबीचा पुडा दिलास आणि केंद्राच्या पायरीवर बसवलंस. "खा. कुणी इचारलं तर खरं सांग." मी लाजरी, पण जिलबीपायी बसले. पाण्याला निघालेल्या बायका थांबायला लागल्या.

"हीच का ती? चांगली टुमटुमीत हाय की! काय झालं होतं गं तुला?"

"श्वास अडकला होता. मग सुई दिली."

"आन् आता?"

"आता जिलबी खाते."

बायका हसल्या. कुणीतरी जाऊन लेकरू घेऊन आली, तिच्या मागून तिची जाऊ आली. दुपारी तू आतून ओरडलीस, "आता बास कर, पोट दुखंल!"

आजचा अर्धा तास तसा नव्हता. बाकावर आम्ही दोघीच. तुझ्यासारखं घड्याळाकडे बघणं मला जमलं नाही, मी तिच्याकडेच बघत बसले. तिचे तळहात इतक्यांदा उलटेसुलटे केले की ती म्हणाली, "आई, मेंदी काढणार आहेस का?" शेवटी डॉक्टरीणबाई तिच्या छातीला नळी लावून म्हणाल्या, "जा बाई आता, पळ!" ती खरंच पळाली. तिच्या मागून मीही पळाले, दवाखान्याच्या फाटकापर्यंत, ऑफिसच्या साडीत. रसवंतीवर तिनं फेसाच्या मिशा लावून घेतल्या, मी दोन ग्लास प्याले. मग ह्यांना फोन करून सगळं सांगितलं, आठवडाभराचं, न थांबता. ते म्हणाले, "तूच बोलून राहिलीस ना? का नंबर चुकला?"

आता ती झोपली आहे. दंड थोडा सुजलाय, तेवढंच.

हे पत्र जाणार कुठंच नाही, तरी एक सांगायचं राहिलं. दवाखान्यात तो सगळा वेळ तू माझ्या शेजारी होतीस. पण बाहेर पडल्यावर, रसवंतीवर, फोनवर, रिक्षात, तुझी एकदाही आठवण आली नाही. घरी येऊन भात टाकला तेव्हा लक्षात आलं, म्हणून लिहायला बसले. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं, आई. आणि मला वाईट वाटलं नाही.