देवापुढे सोळा, आत आठ

नागपूर, ता. ४

मिनलच्या बाबांना नमस्कार.

तुमचा भाचा पिंटू परवा गावाहून येऊन लॅपटॉप देऊन गेला. तुम्ही दिलेले बावीस हजार मी त्याच्या हातावर ठेवले, वर दोनशे भाडं. मिनल आधी उघडून पाहणार होती. पूजेआधी हात लावू नको म्हणून मीच अडवलं. मी कुंकू लावत होते आणि हा म्हणतो, "मामी, पुऱ्या सोळा जीबीचा आहे, महाराजांची शपथ!"

मेमरी निघाली आठ. संत्र्याच्या रोगाचं तिचं गणित चालवायला लॅपटॉपच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर मांडावा लागतो, त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्या एकट्यालाच बारा जीबी लागते. चार दिली तर तो अर्ध्यातच बंद पडतो. मेमरी वाढवताही येत नाही, दुकानदाराने खोलून दाखवलं. वीस तारखेला कॉलेजच्या सरांना या गणिताचा निकाल द्यायचाय. पोरगी धड जेवत नाही. "जाऊ दे ना वं आई," म्हणते. काहून जाऊ देऊ?

इथे आम्हा दोघींची खोली एकच, फोनवर बोललं की ती ऐकते. म्हणून हे पत्र. तुमचा गुडघा कसा आहे?

बहिणीचा मुलगा म्हणून गप्प बसू नका. त्याला आपल्या देवघरापुढे उभं करून पैसे घ्या. लॅपटॉपवरचं कुंकू मी पुसलेलं नाही, तसाच त्याच्या हातात परत देईन. तो काय म्हणाला ते उलट टपालाने कळवा.

तुमची
मनकर्णा