चौथी प्रत

३ जून
आलो एकदाचा! दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि सर्व्हरला हवेशीर कोनाडा. हमालांना सर्व्हरचं खोकं उचलू दिलं नाही. घरचे सगळे फोटो त्यात, आमचा संसार आहे. ही गेल्यावर जुनं घर खायला उठायचं. इथे बरं वाटेल, असं लेक म्हणते.

कोर्सबिर्स केला नाही मी. मोडत मोडत शिकलो. माझे नियम साधे. सर्व्हर उंचावर ठेवावा, जमिनीवरची धूळ पंखा ओढतो. वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी. आणि फोटोंच्या तीन प्रती: दोन इथे, आरशासारख्या जोडलेल्या डिस्कवर, तिसरी लेकीच्या कपाटात, वायरीविना. चौथी माझ्या डोक्यात. हिच्या डाव्या डोळ्याखाली तीळ होता, हसली की वर सरकायचा. या प्रतीला वीज लागत नाही.

५ जून
चेहरे ओळखणारा प्रोग्राम चढवला. चेहऱ्याभोवती चौकट काढतो, नाव विचारतो. एकदा सांगितलं की पुढे आपलं आपण ओळखतो. ही आणि हिची बहीण त्याला एकच वाटत होत्या. मेहुणीला फोनवर सांगितलं, तर म्हणाली, भावजी, यंत्राला चष्मा लावा. हसलो. बऱ्याच दिवसांनी.

७ जून
वायरी मनासारख्या बसल्या. नोंद असावी म्हणून कोनाड्याचा फोटो काढला. शेजारी रिकामी खुर्ची. प्रोग्रामने त्या खुर्चीवर, हवेतच, चौकट काढली. खाली हिचं नाव.

यंत्राची चूक, दुसरं काय. पण मी काम करताना ही अशीच बसायची शेजारी, उगाच. खुर्ची हलवली नाही.

८ जून
पुन्हा काढला. पुन्हा चौकट. आनंद झाला, लपवू कशाला! बस गं, म्हणालो.

मग जुने फोटो चाळले. लेक सहा महिन्यांची, हिच्या मांडीवर. आता मांडीच नाही. बाळ हवेत बसलंय आणि हसतंय.

दुसऱ्या डिस्कवरही तेच. इकडे होईल ते तिकडे. मीच तशी लावलीय.

१० जून
उलगडलं. नव्या फोटोत चौकट आली की जुन्या एका फोटोतून ही जाते. मला प्रत हवी होती. हे तर हलवणं आहे.

तरी काढत राहिलो. खात्री करायला — खोटं. ही हवी म्हणून.

चौकट आता खुर्चीवर नाही. दर फोटोत दाराकडे सरकतेय.

११ जून
लेकीला तिसरी डिस्क घेऊन बोलावलं. ती म्हणाली, बाबा, जोडू नकोस, आधी माझ्याकडे अजून एक प्रत काढते. मला शिकवतेस, म्हणालो. तू बोलायला लागायच्या आधीपासून मशिनं उघडतोय मी.

जोडली. फक्त ताडून बघायला —

मशीनने तीही जुळवून घेतली. आमच्या डोळ्यांदेखत, एकामागून एक फोटोतून ही गेली. लेक फोटोतल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून बसून राहिली.

१२ जून
फोटो काढला. चौकट नाही. दार उघडं. मी लावलेलं होतं —

१३ जून
लेकीचा फोन. रडत होती. आईचा चेहरा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणाली. मावशीलाही येत नाही. तू सांग ना बाबा, कशी दिसायची.

सोपं आहे, म्हणालो. चौथी प्रत आहे ना. तीळ होता. उजव्या —

डाव्या —

उद्या सांगतो म्हणून फोन ठेवला.

१४ जून
पहिलं पान काढून बघितलं. डाव्या डोळ्याखाली. हसली की वर सरकायचा. अक्षर माझंच. शाई माझी.

पण हे 'हिच्या' लिहिलंय, ते कुणाच्या —