सभ्य गृहस्थांचं फाटक

५ मे १८८४
यंदाच्या हंगामात तीन गोष्टी नक्की. भरपूर धावा, निदान एक खटला, आणि मिस थिओडोरा मार्श. चेंबरमधला कारकून पिम म्हणाला, साहेब, क्रम उलटा धरा. मिस मार्शचे वडील सॉलिसिटर, आणि सासरा सॉलिसिटर असला की बॅरिस्टरला खटले आपोआप येतात. पिमला बोलायचं भान राहत नाही. मुद्दा मात्र खोटा नाही.

१९ मे
शून्य. चेंडू खाली राहिला. खेळपट्टीबद्दल कौंटीच्या क्लबला कळवलं पाहिजे.
थिओडोरा आली होती! खेळ संपल्यावर आम्हा सभ्य गृहस्थांच्या, म्हणजे पगार न घेता खेळणाऱ्यांच्या, फाटकाशी वाट पाहिली. ती पलीकडे, पगारी खेळाडूंच्या फाटकाशी उभी. चारचौघांत माझ्याशी बोलताना दिसू नये म्हणून. किती जपते माझ्या नावाला.

९ जून
नेटमध्ये डॅगनॉलने गोलंदाजी केली. आमचा पगारी गोलंदाज, विणकराचा मुलगा, गडी उमदा. मला मुद्दाम हळू टाकतो. माझ्या फटक्यांची धास्ती घेतलीय. त्याला थिओडोराबद्दल सगळं सांगून टाकलं. अशी माणसं ऐकून घेतात. तो नुसताच चेंडू पँटला पुसत राहिला. मन भरून आलं असावं.

३० जून
मार्शसाहेबांकडे जेवण. पाऊस पडला की तुम्ही काय करता, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, वकिली. खूप हसले. जावई आवडल्याची खूण.
नंतर बागेत थिओडोराने हळूच विचारलं, वडिलांची संमती नसेल तर मुलीला लग्न करता येतं का? बाबांना विचारायची सोय नव्हती, म्हणाली. मी सविस्तर सांगितलं. एकवीस पूर्ण झाली की बाप काय, बिशपसुद्धा अडवू शकत नाही.
"नक्की ना?"
"कोर्टात उभा राहून सांगेन," मी म्हणालो.
तिने माझा हात दोन्ही हातांत धरला. उजवा हात. आज तो धुतलेला नाही.

१ जुलै
उघड आहे. मार्शना कामधंदा नसलेला जावई नको, आणि पोरगी माझ्यासाठी बापाशी भांडायला निघालीय. ऑगस्टमध्ये एकविसावा वाढदिवस. आईची अंगठी सोनाराकडे देऊन आवळून घेतली. थिओडोराचं बोट बारीक आहे. आता दुसऱ्या कोणाला ती व्हायची नाही, असं सोनार म्हणाला. मी म्हटलं, व्हायलाच नको.

२१ जुलै
शेवटची जोडी, मी आणि डॅगनॉल. जेवणाच्या सुट्टीनंतर मी पॅव्हेलियनच्या फाटकातून आलो, तो बाजूच्या, भेटलो खेळपट्टीवर. धावेची हाक मी दिली आणि मीच परत फिरलो. डॅगनॉल धावचीत. "चूक माझीच, साहेब," म्हणाला. मनाचा मोठा. थिओडोराला रडू आवरेना. माझं शतक हुकलं म्हणून. मी चारवर होतो.

१८ ऑगस्ट
आज ती आमच्या फाटकाशी आली. स्वतःहून. मी खिशातली अंगठी चाचपली.
"तुम्ही सांगितलंत म्हणून धीर झाला," ती म्हणाली. "एमॉस म्हणतो, देवमाणूस आहे."
एमॉस कोण, मी विचारलं.
ती हसायला लागली आणि मग एकदम थांबली. "डॅगनॉल. इतकी वर्षं एकत्र खेळताय की हो तुम्ही."
त्याला पहिलं नाव असेल, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही सगळे डॅगनॉलच म्हणतो.
शनिवारी लग्न. बाबा येऊन अडवणार, तेव्हा तुम्ही याल का, तिने विचारलं. कोर्टात उभं राहून सांगेन म्हणाला होतात.
हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

१९ ऑगस्ट
चेंबरला गेलो नाही. पोट दुखतंय असं पिमला कळवलं. पोट दुखत नव्हतं.

२० ऑगस्ट
ती पलीकडच्या फाटकाशी का उभी राहायची, हे साऱ्या मैदानाला दिसत असणार. आणि मी त्यालाच जाऊन सगळं सांगितलं. फार वाईट वाटतंय. लिहूनही कमी होत नाही.

२३ ऑगस्ट
मार्श मधेच उठले आणि माझी संमती नाही म्हणाले. पाद्री गांगरला. थिओडोराने मागे वळून पाहिलं, भरल्या चर्चमध्ये फक्त माझ्याकडे.
मी उभा राहिलो. मुलगी सज्ञान आहे, संमती लागत नाही, कायदा असा आहे. आवाज एकदाही अडखळला नाही. मार्श खाली बसले. आयुष्यातला पहिला खटला जिंकलो.
बाहेर पडताना मार्श माझ्यापाशी थांबले. "असं बोलता येतं हे आधी दाखवलं असतंत, तर कामं दिली असती. आणि..." मग दाराकडे वळले.
उद्यापासून वकिलीकडे नीट लक्ष द्यायचं.
चर्चला दार एकच. सगळे त्यातूनच गेले, तीही त्याच्या हातात हात घालून गेली. मी सवयीप्रमाणे दाराशी वाट पाहत थांबलो. दार लावून घ्यायचंय, असं शेवटी चर्चच्या माणसाने सांगितलं.