पाण्याचं डोकं

१४ एप्रिल

पोचलो एकदाचा काराबुलूनला. गाडीवाल्यानं माझ्या काचेच्या बाटल्या टपावर भिरकावल्या होत्या, तरी एकही फुटली नाही, म्हणजे सुरुवात झकास. बुरुल एजेच्या घरी उतरलोय. साठीची बाई, सगळं गाव तिला एजे, थोरली बहीण, म्हणतं; नवरा गेलेला, मुलं रशियात कामाला. तिनं दारातच गरम काट्टामा, पदर सुटलेली रोटी, हातावर ठेवली, वर बोटभर साय. शहरात तुला कुणी जेवायला घालत नाही वाटतं, म्हणत माझं मनगट दाबून बघितलं.

काम सरळ आहे. ओढा डोंगरातून उतरतो, राजम्याच्या वावरांमधून जातो आणि खाली शाळेपाशी पोरं तेच पाणी पितात. वर, मध्ये आणि खाली बाटल्या भरायच्या आणि पाण्यात खतं किती उतरली ते तपासायचं. संध्याकाळी ओढ्यात पाय सोडून बसलो होतो. फार बरं वाटलं.

१९ एप्रिल

परवा पाटकरी सातार भेटला, गावाचा आके, म्हणजे थोरला भाऊ. कुणाच्या वावरात पाणी कधी जाणार, पाळी कुणाची, हे सगळं त्याच्या तोंडी. मला बाटली भरताना बघून म्हणाला, "काय रे एर्मेक, शहरातलं पाणी आटलं वाटतं, आमचं भरून नेतोस?" तेव्हापासून सगळं गाव मला पाण्याचा डॉक्टर म्हणतं. वरचं पाणी निर्मळ आहे. शाळेपाशी मात्र नायट्रेट इतकं, की उकळूनही उपयोग नाही. मास्तरीणबाईंना सांगितलं, पोरांना विहिरीचं पाजा.

२६ एप्रिल

आज सू-बाश झालं, म्हणजे ‘पाण्याचं डोकं’. पाटाला पाणी सोडण्याआधी सगळे उगमाशी जातात, मेंढा कापतात आणि रक्त पाण्यात सोडतात. मी आडवा आलो. म्हटलं, रक्तानं माझी सगळी तपासणी नासेल, मेंढा लांब कापा. सातार आके हसला नाही. मग पाण्याला काय द्यायचं, असं त्यानं विचारलं. मी गमतीत बोलून गेलो, "त्याचं देणं राहू द्या माझ्याकडे उधार!"

कुणीच हसलं नाही. पाहुण्याचा मान म्हणून त्यांनी मेंढा खाली माळावर नेऊन कापला. जेवताना उकडलेलं डोकं माझ्यापुढे ठेवलं. मी मोठ्या ऐटीत कान कापून शेजारच्या पोराला दिला, तशी रीतच आहे. सातार आके म्हणाला, "मग यंदा पाण्याचं डोकं तू." बुरुल एजेनं एक घासही खाल्ला नाही. थकली असेल.

३ मे

लिहून टाकतो. पाळीवरून जानिश आणि मेदेर भांडले. चुलतभाऊ, लहानपणापासून एका ताटात जेवलेले. मी दहा पावलांवर बाटली भरत होतो. जानिशनं खोरं उचललं आणि मेदेरच्या मानेत घातलं. एकदा नाही. मान लोंबेपर्यंत. मेदेर पाटात पडला, रक्ताचा लोट माझ्याकडे आला आणि माझ्यापर्यंत पोचायच्या आत नाहीसा झाला. पाणी नितळ.

जानिश तिथंच बसून राहिला. म्हणत होता, मी नाही उचललं, हात ओढला गेला. खुनी माणूस दुसरं काय म्हणणार.

पण ती बाटली मी तपासली. खत नाही, गाळ नाही, काहीच नाही. इतकं शुद्ध पाणी मी जन्मात पाहिलेलं नाही.

८ मे

दुसरी पाळी. बापानं मुलाला मारलं. दोघं दारं धरत होते, वाफ्यांत पाणी वळवत; हातातलं तेच खोरं. मुलगा तोंड वर करून पाण्यात, जबडा नाही. बाप किंचाळत होता, याला कुणी मारलं? पाणी पुन्हा नितळ.

सातार आकेकडे गेलो. तो रागावला नाही, तेच जास्त लागलं. म्हणाला, डोक्याशी, उगमाला, रक्त दिलं की पाणी मुकाट खाली जातं. नाही दिलं तर वावरावावरातून घेत जातं, दर पाळीला एक. मी विचारलं, मग मी वर जाऊन जीव दिला तर? म्हणाला, "तू डोकं आहेस, पोरा. डोकं खातं. त्याला कुणी खात नाही."

९ मे

मेंढा विकत घेतला. उगमाशी नेऊन स्वतः कापला. रक्त पाण्यात मिसळेना. तवंगासारखं फिरून काठाला आलं, माझ्या बुटांपाशी. नको आहे त्याला.

१० मे

पळालो. गाडी ओढा ओलांडताना कलंडली. पाणी घोट्याइतकंच. ड्रायव्हर त्यात बुडून मेला. मी त्याचं डोकं वर धरत होतो— मला तरी तसंच वाटत होतं. बघितलं तर माझे हात त्याच्या मानेवर, खाली दाबलेले—

चालत परत आलो. जाऊ कुठं.

११ मे

उद्या दुपारी पाळी बुरुल एजेची. तिला म्हटलं, पाणी घेऊ नकोस, राजमा वाळू दे. म्हणाली, वर्षभर खाऊ काय? तिला सगळं ठाऊक आहे. तरी माझा सदरा धुऊन वाळत घातला.

ठरलं. दारं मी एकटाच धरणार. ती घरी. बाहेरून कडी घालणार. तिथं कुणी नसेल तर घेणार कुणाला?

१२ मे

कडी घातली. खोरं घेऊन आलो. भर दुपार. पाटावर चिटपाखरू नाही. पाणी येतंय. छान येतंय—

ती आली. खिडकीतून उतरली म्हणे. माझा चहा राहिला म्हणून किटली घेऊन—

ओरडलो, जा. हसते. म्हणते, उपाशीपोटी दारं धरतात का, पोरा?

डाव्या हातानं लिहितोय. उजवा खोऱ्यावरून सुटत नाही. बोटं उघडत नाहीत, दातांनी ओढून पाहिली—

किटली ठेवली तिनं. पेला विसळायला पाटाशी—

एजे, वाकू नकोस. एजे, मान वर कर, माझ्याकडे बघ, ए—