डाव्या हातातली काठी

मी, खाली सही करणारी बाई, वय अठ्ठ्याहत्तर वर्षे पूर्ण, धंदा काठ्या करणे, विकणे आणि त्या टेकून कसे चालावे हे शिकवणे, आज सकाळी माझ्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. ती तपासायला वकीलसाहेबांनी मला आजची तारीख, वार आणि सुनेचा वाढदिवस विचारला. मी तिन्ही बरोबर सांगितली, शिवाय त्यांच्या काठीच्या टोकाचं रबर झिजलंय हेही सांगितलं. कोणीही माझ्यावर दडपण आणलेले नाही. सून समोर बसली आहे, पण ती "आई, सावकाश लिहा" याच्यापुढे काही बोललेली नाही.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र कॅलेंडरच्या पाठीमागे लिहिलं होतं. ते मुलावर रागावून लिहिलं होतं आणि राग संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकला नाही. ते रद्द समजावे.

कलम पहिले. दुकानावरच्या दोन खोल्या आणि गच्ची मुलगा व सून या दोघांना समान देत आहे. अट एकच. जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवावा. सध्या तो एकाच बाजूला आहे, त्यामुळे चढताना जो हात सुखात असतो त्याला उतरताना नुसती भिंत लागते. मुलगा शाळेत चित्रकला शिकवतो. त्याने जिन्याच्या पायथ्याशी "चढताना चांगला पाय आधी" आणि वरच्या टोकाला "उतरताना दुखरा पाय आधी" असं ठळक रंगवावं. सहा वर्षं मी सांगते आहे आणि सहा वर्षं तो म्हणतो आहे, "आई, या रविवारी नक्की." हे मृत्युपत्र उघडाल त्या आठवड्यात तरी तो रविवार यावा.

कलम दुसरे. दुकान, त्यातला माल, दोन करवती, कानशी, रंधा आणि रबरी टोपणांचा डबा हे सर्व एकट्या सुनेला देत आहे. मुलाने वाईट वाटून घेऊ नये. बाळा, तू चित्रं छान काढतोस, पण करवत धरलीस की काठी एका बाजूला झुकून गप्पा मारायला लागते. सुनेचं तसं नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती काठीला हात लावायला लाजायची. आता दारातून कोणी आत आलं की ती आधी त्याच्या चपलेकडे बघते, मग चालीकडे, आणि मग तोंडाकडे. हा धंदा याच क्रमाने करायचा असतो.

तिच्यासाठी चार गोष्टी इथेच लिहून ठेवते, कारण तोंडी सांगितलं की ती "माहीत आहे हो आई" म्हणते.

माप घेताना माणसाच्या पायात त्याचं रोजचं पायताण असावं. उभं राहून हात सैल सोडायला लावावेत आणि मूठ मनगटाच्या वळीशी यावी. काठी नेहमी बोटभर लांब ठेवून कापावी, चालवून बघावं, मग उरलेलं काढावं. पहिल्याच फटक्यात कापलेल्या अकरा काठ्या माझ्याकडे बुटक्या गिऱ्हाइकांची वाट बघत उभ्या आहेत. नुसतं चालताना बरं वाटावं म्हणून हवी असेल तर बाकदार मुठीची चालेल, पण ज्याला तिच्यावर खरंच भार टाकायचा आहे त्याला तळव्यात भरणारी सपाट मूठ द्यावी. आणि रंग विचारावा. पंचाहत्तरीच्या बाईला लाल मूठ हवी असेल तर तिच्यापुढे काळी धरू नये. आवडलेली काठी बाजारात जाते, न आवडलेली दारामागे उभी राहते, आणि मग माणूसही घरातच राहतो.

कलम तिसरे. माझी पहिली काठी मुलाला देत आहे. ती फरशी पुसायच्या दांड्याची आहे. माझे यजमान भिंती रंगवायचे. शिडीवरून पडून त्यांचा पाय मोडला तेव्हा काठी आणायला कोण जाणार, म्हणून मी हाच दांडा कापला. मापही घेतलं, पण माझ्या मनगटाचं. ते माझ्याहून वीतभर उंच. आठ दिवस ते अंगणात कमरेत वाकून फिरले. शेजारचे विचारायचे, "काय हरवलंय?" हे म्हणायचे, "बायकोची अक्कल शोधतोय, इथंच कुठं पडली असेल." नवव्या दिवशी मी दुसरी काठी केली. ती इतकी बेतशीर झाली की शेजारच्यांनी आपल्या वडिलांसाठी तशीच मागितली, आणि तिथून हे दुकान उभं राहिलं. पहिली काठी दुकानात टांगलेली असू द्यावी. मोडीत टाकू नये.

कलम चौथे. बँकेत जे असेल ते मुलगा व सून यांनी वाटून घ्यावे. त्यावर भांडण करण्याइतकं ते नाही.

कलम पाचवे. शोकेसमधली शिसवी काठी, चांदीच्या मुठीची, समोरच्या घड्याळजींना देत आहे. ते यजमानांचे मित्र, मी त्यांना भाऊजी म्हणते. वय ऐंशी, पाय ठणठणीत. दर रविवारी ते येतात आणि "वहिनी, जरा हिला फिरवून आणतो" म्हणून ती काठी घेऊन जातात, जशी काही ती पाळलेली आहे. रस्त्यात ती एकदाही नीट टेकत नाहीत. फिरवतात, काखेत धरतात, ओळखीचं कोणी दिसलं की टोपीला लावतात. आधाराला काठी लागते तशी ऐटीलाही लागते, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले, म्हणून ही त्यांची. मोबदल्यात त्यांनी एक कबूल करावं: माझं भिंतीवरचं घड्याळ तीस वर्षं पाच मिनिटं पुढे जातं ते त्यांच्या दुरुस्तीमुळे, माझ्या घाईमुळे नव्हे.

कलम सहावे. यात कोणाला काही देत नाही, फक्त कबूल करते.

मी हा धंदा कोणाकडे शिकले नाही. त्यामुळे पहिली नऊ वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं की जो पाय दुखतो त्याच बाजूच्या हातात काठी धरा. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं! मग एक दिवस दवाखान्यातल्या नव्या फिजिओबाई रुग्णांसाठी काठ्या घ्यायला आल्या. माझं शिकवणं दारातून ऐकून म्हणाल्या, "काकू, उलट आहे हो." मी वाद घातला. त्यांनी वाद घातला नाही. माझ्या उजव्या चपलेत एक खडा ठेवला आणि म्हणाल्या, "आता चाला." काठी उजव्या हातात घेऊन चालले, खडा टोचला. डाव्या हातात घेतली, तर उजवा पाय पुढे पडताना काठीही त्याच्या सोबतीला पुढे गेली आणि भार उचलला गेला. मी काउंटरला टेकून तशीच उभी राहिले.

त्यानंतर पंधरा दिवस मी दुकान बंद ठेवून घरोघर फिरले आणि हात बदलून दिले. बहुतेक जण हसले. एकीने चहा पाजला. पण धाकट्या बहिणीसाठी फिजिओबाईच चार दिवस उशिरा आल्या होत्या.

ती कपडे शिवते, दुकान आमच्याच गल्लीत. उजवा गुडघा धरलेला, म्हणून मी काठी दिली होती उजव्या हातात. दुकानाच्या पायरीवरून गिऱ्हाइकांच्या देखत पडली आणि उजवं मनगट मोडलं. शिंपिणीचं उजवं मनगट. चार महिने कात्री धरता आली नाही, शाळेच्या गणवेशांचं काम हातचं गेलं. मी जाऊन खरं ते सांगितलं. प्लास्टर पोटावर ठेवून ती पडली होती. म्हणाली, "तेव्हा उजव्या हातात म्हणालीस, आता डाव्या म्हणतेस. पुढच्या वर्षी डोक्यावर ठेव म्हणशील, ताई." काठी तिने परत पाठवली.

याला चौदा वर्षं झाली. अबोला नाही. दर बुधवारी ती येते, काउंटरवर हात ठेवून तासभर बोलते. पण काठीचं नाव काढायचं नाही. चालते ती मिटलेली छत्री टेकत. विचारलं तर म्हणते, "ऊन आहे ना." ढग आले की म्हणते, "पाऊस येईलसं वाटतंय." घरातसुद्धा छत्री असतेच. छत्रीचं टोक लोखंडी, फरशीवर साबणासारखं सरकतं. गेल्या महिन्यात माझ्याच उंबऱ्यात ते सरकलं. तिने दार धरलं म्हणून वाचली. ती म्हणाली, "तुझं दार कुरकुरतंय गं." मी म्हटलं, "हो, तेल घालायला हवं." दोघींनी काही पाहिलं नव्हतं.

घर, दुकान, पैसा यांची मला काळजी नाही. मला धास्ती आहे ती त्या छत्रीची.

कलम सातवे. (हे कलम खोडले आहे. खोडलेल्या जागी माझी सही आहे. खालची अक्षरं वाचता येतात, ती तशीच राहू द्यावीत.) आतल्या कपाटातली मधाच्या रंगाची काठी माझ्या पश्चात माझ्या धाकट्या बहिणीला द्यावी. तिची मूठ डाव्या तळव्याला बसेल अशी घासली आहे, म्हणून ती इतर कोणाच्या कामाची नाही. जिवंत बहिणीची काठी तिने परत केली, मेलेल्या बहिणीची करणार नाही अशी आशा आहे.

कलम आठवे. माझ्या पाठीमागे रडारड आटोपशीर असावी. माझ्यासोबत काठी ठेवू नये. चांगली काठी वाया घालवलेली मला खपणार नाही.

इथवर लिहून झालं होतं आणि फक्त सह्या राहिल्या होत्या. साक्षीदार म्हणून फिजिओबाई आणि घड्याळजी येऊन बसले होते. वकीलसाहेबांनी कागद वाचला आणि चष्मा काढला. "यांना काठी मिळणार आहे, मग यांची साक्ष नको. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेतलं तर ते देणं रद्द होतं."

"म्हणजे सही केली तर काठी गेली?" घड्याळजी.

"गेली."

"मग मी उठतो," ते म्हणाले. "वहिनी, तुमच्यावर जीव आहे, पण ती चांदीची आहे."

दुसरा साक्षीदार हवा. सुनेने मला न विचारता फोन उचलला. "मावशी, जरा दुकानात येता? सहीला माणूस कमी पडलंय."

कलम नववे. हे आत्ताच वाढवले आहे.

धाकटी आली. बाहेर ना ऊन ना ढग, तरी छत्री होती. "काय गं ताई, एवढी कसली घाई? बरी आहेस ना?" म्हणत खुर्चीत बसली. वकीलसाहेबांनी तिला नियम सांगितला आणि सातव्या कलमावर बोट ठेवलं. मला ते बोट कानशीने घासावंसं वाटलं. ती चष्मा लावून वाचत राहिली. वाचून झाल्यावर म्हणाली, "माझं माप कधी घेतलंस?"

"काउंटरच्या कडेला खिळा आहे," मी सांगितलं. "बुधवारी तू उभी राहतेस तेव्हा तुझं मनगट कुठं येतं ते बघते. पहिला खिळा चौदा वर्षांपूर्वीचा."

ती उठून काउंटरपाशी गेली. खिळे तीन आहेत, एकाखाली एक. तिने तिन्ही चाचपले.

"हे खालचे दोन?"

"तू वाकत चाललीस. तशी काठी कापत आले."

फिजिओबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. धाकटीने चष्मा काढून पदराला पुसला.

"आणि तू अजून वीस वर्षं जगलीस तर?" ती म्हणाली. "ती काठी होईल पळीएवढी! आणि तोवर मी काय करायचं? तू मरायची वाट बघत छत्री टेकू? काही लाज? आण इकडे."

सुनेने कपाट उघडून काठी आणली. धाकटीने ती हातात घेतली नाही. माझ्याकडे बघितलं.

"कुठल्या हातात?"

"डाव्या," मी म्हटलं.

"नक्की?"

"अगदी नक्की," फिजिओबाई म्हणाल्या.

"तुम्हाला नाही हो विचारलं, बाई. हिला विचारलं."

"नक्की," मी म्हटलं. "मी चपलेत खडा घालून चालून बघितलंय."

तिने काठी डाव्या हातात घेतली आणि दुकानाच्या दारापर्यंत गेली. वळली. परत आली. मग म्हणाली, "मूठ बरी घासली आहेस. आता सही कुठं करायची ते सांग, मला दोन ब्लाउज द्यायचेत."

सबब मी कलम सातवे खोडले आहे. ती काठी आज, मी हयात असताना, हातोहात दिली असून ती यापुढे माझ्या मालमत्तेत धरू नये. बहिणीला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, म्हणून तिची साक्ष चालते. कलम पाचवे कायम आहे. घड्याळजींनी तीनदा विचारून खात्री करून घेतली आहे.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत खाली सही करत आहे.

स्थळ: काठ्यांचं दुकान, मागची खोली.
दिनांक: अकरा फेब्रुवारी, बुधवार. वेळ भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं, म्हणजे बारा पाच.

(सही) काठीवाली

साक्षीदार पहिली: बाईंनी माझ्यासमोर सही केली. हात स्थिर होता, डोळे नव्हते.
(सही) फिजिओथेरपिस्ट, दवाखाना

साक्षीदार दुसरी: ताईने माझ्यासमोर सही केली. मीही तिच्यासमोर माझ्या उजव्या हाताने करते आहे. मनगट मोडल्यापासून अक्षर वाकडं येतं, पण माझंच आहे. छत्री काउंटरवर राहू दे. उद्या चालत येऊन नेईन.
(सही) धाकटी बहीण, शिवणकाम