मागच्या सीटवर दुर्बीण

४ नोव्हेंबर
झाली एकदाची! लेथवाल्याने आज दुर्बिणीची नळी तयार करून दिली. आत दादाचा आरसा – दोन वर्षं खपून त्याने स्वतःच्या हाताने घासलेला. त्यातून त्याने अजून काहीच पाहिलेलं नाही. वहिनीचा काल फोन होता, "डॉक्टर म्हणतात, ह्यांना अजून महिनाभर दिसेल. फार तर दीड." म्हणजे आता थांबायचं नाही. शनिवारी दादाच्या गावी निघायचं आणि त्याला शनी दाखवायचाच.

५ नोव्हेंबर
कुरियरवाला म्हणे, "काचेची जबाबदारी आमची नाही." मग दुकान कशाला उघडलंय? मीच नेणार, गाडीने.

७ नोव्हेंबर
दिवसभर बांधाबांध. आरसा नळीतून काढून केकच्या डब्यात ठेवला. खाली लेकीच्या जुन्या दुपट्याची घडी, कडेने फोमच्या पट्ट्या. धूळ बसली तरी पुसायचा नाही, अशी दादाची ताकीद आहे. नळी मागच्या सीटवर आडवी, उशांमध्ये, दोन्ही पट्टे बांधून. डिकीत फार दणके बसतात.

"आणि मी कुठे बसू?" ह्यांनी विचारलं. पुढे, डबा मांडीवर घेऊन. "मी नवरा आहे की हमाल?"
उद्यापुरते हमाल.

८ नोव्हेंबर
चार तासांचा रस्ता, सात तास लागले. काटा चाळीसच्या वर जाऊ दिला नाही. मागचे हॉर्न वाजवून शिव्या घालत होते. घालोत बापडे. प्रत्येक गतिरोधकाला हे श्वास रोखून डबा अधांतरी धरायचे. एकदा कुत्रं आडवं आलं, मी करकचून ब्रेक दाबला. गाडी बाजूला घेऊन डबा उघडला – आरसा शाबूत. उन्हात गाडी उभी करायची नव्हती, म्हणून चहासुद्धा घेतला नाही.

संध्याकाळी गच्चीवर आरसा बसवला, स्क्रू फिरवून फिरवून सरळ केला. सात वाजता शनी सापडला, कड्यासकट! वहिनीने दादाला हाताला धरून आणलं. धक्का लागायला नको म्हणून आम्ही सगळे लांब उभे राहिलो. त्याने डोळा लावला. मग म्हणाला, "दिसलं गं. काय सुरेख कडं आहे. मधली काळी फटसुद्धा दिसतेय." बोलतच राहिला. वहिनी रडायला लागली, मग मीही. हे म्हणाले, "चला, माझी मांडी सार्थकी लागली."

९ नोव्हेंबर
परत आलो. झोपते.

१० नोव्हेंबर
भांडी लावताना एकदम लक्षात आलं. पृथ्वी फिरते, म्हणून शनी मिनिटभरात दुर्बिणीतून बाहेर सरकतो. नळी सारखी हळूच ढकलत राहावी लागते. मला हे दादानेच शिकवलंय. परवा तो पाच मिनिटं डोळा लावून कड्याचं वर्णन करत होता, आणि नळीला त्याने हातही लावला नाही.

लबाड कुठला. मी सात तास गाडी चालवून गेले होते ना.