सव्विसावं नाव

लेक वेल्डन, फ्लोरिडा
मंगळवार, २४ मार्च

प्रिय लायल,

फोन करायचा सोडून पत्र आलं म्हणजे म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय, असं तुला वाटेल. फोनवर तू "सगळं झकास चाललंय, बाबा" म्हणतोस, मी "छान, छान" म्हणतो, मग आपण दोघं हवापाण्याबद्दल बोलतो आणि ठेवून देतो. त्या बोलण्याचा मला आता कंटाळा आलाय. तू उतरलायस ते मोटेल माझ्या दारापासून तीन मैलांवर आहे, आणि तरी मी इथे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुला पत्र लिहितोय. परवा गुरुवारी दुपारी यादी लागणार. साठातले सव्वीस मुख्य संघात राहणार, बाकीच्यांना बॅगा भरायला सांगणार. तू चौतीस वर्षांचा आहेस, या बेसबॉल संघाच्या सराव शिबिरात हा तुझा चौथा मार्च आहे, आणि त्या सव्विसांत तू असशील की नाही याखेरीज गेला महिनाभर माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

आजचा सामना घरच्या मैदानावरचा शेवटचा होता, त्यामुळे आमचा तिसऱ्या बेसमागचा बाक गच्च भरलेला. पत्र्याचे बाक एक वाजताच असे तापले होते की उशी घेऊनही बसवत नव्हतं. माझ्या एका बाजूला विनिफ्रेड, आमची विनी. एक्क्याऐंशी वर्षांची, आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, अजूनही प्रत्येक चेंडू वहीत पेन्सिलीने टिपते. दुसऱ्या बाजूला डॉयल. चाळीस वर्षं न्हाव्याचं दुकान चालवलं, दुकान विकलं, पण गिऱ्हाइकाच्या कानाशी अखंड बोलायची खोड काही सुटली नाही. चार वर्षं मी या दोघांच्या मध्ये बसतोय. त्यांना मी फक्त एमरी. आडनाव कधी कुणी विचारलं नाही, या वयात ते लागतही नाही. तू मला घातलेली शपथ मी पाळली आहे. शाळेच्या सामन्यात पंचाच्या अंगावर धावून गेल्याबद्दल मला पोलिसांनी फाटकाबाहेर काढलं होतं, त्या रात्री तू म्हणाला होतास, "यापुढे बघायला ये, पण माझा बाप म्हणून येऊ नकोस." तू सोळा वर्षांचा होतास. कदाचित रागाच्या भरात बोलला असशील. मी मात्र अठरा वर्षं तेच धरून बसलोय.

सातव्या इनिंगला तू चेंडू टाकायला आलास. पाठीवर नाव नाही, नुसता त्र्याऐंशी नंबर. करार नसलेल्यांना शिबिरात नाव शिवून देत नाहीत, हे मला ठाऊक आहे, तरी दर वर्षी त्या कोऱ्या पाठीवर मी नजरेनेच आपलं आडनाव लिहितो. दोन इनिंग टाकल्यास. एकही रन दिली नाहीस, तिघांना स्ट्राइकआउट करून बाद केलंस. विनीने वहीत तीन खुणा केल्या, त्या नेहमीपेक्षा जरा ठळकच केल्या, आणि डॉयलकडे असं बघितलं की जणू ते चेंडू तिनेच टाकले होते.

डॉयल लगेच सुरू झाला. "बाद कुणाला केलं ते बघ आधी. एक्क्याण्णव नंबर, चौऱ्याण्णव नंबर! सहाव्या इनिंगनंतर खरे खेळाडू आंघोळ करून घरी जातात, आणि खालच्या शिबिरातून बस भरून पोरं आणतात. त्यांना माझी आत्याही बाद करेल, आणि ती वारून वीस वर्षं झाली."

"बाद म्हणजे बाद," विनी म्हणाली. "तू चाळीस वर्षं दाढ्या केल्यास, त्या कुणाच्या हनुवटीवरच्या ते बघून मोजल्यास का रे? आणि आकडे बघ. या महिन्यात अकरा इनिंग, फक्त दोन रन. तुझा तो बावीस वर्षांचा लाडका टोबायस, त्याने शुक्रवारी भरकटलेले चेंडू टाकून चौघांना फुकट पहिल्या बेसवर नेऊन बसवलं."

"टोबायसचा चेंडू ताशी सत्त्याण्णव मैलांनी जातो. ह्याचा आज एकोणनव्वदने. मार्चमधल्या आकड्याचं काय घेऊन बसलीस? मार्चमधला आकडा म्हणजे लग्नाआधी दिलेलं वचन. जून उजाडू दे, मग बोल."

असं त्यांचं दर वर्षी चालतं. सराव सामन्यांना अर्थ असतो की नसतो, यावर ती दोघं एका जन्मात निकाल लावणार नाहीत. मी एरवी ऐकून घेतो, गालातल्या गालात हसतो. कधीकधी मनातल्या मनात विनीला मिठी मारतो. अख्ख्या बाकावर तुझ्या बाजूने भांडणारी ती एकटीच. आज मी मैदानाकडे बघत होतो. आठवी इनिंग संपवून तू आत आलास, खेळाडूंच्या बाकावर टेकलास, आणि पाण्याची बाटली डाव्या हाताने उचललीस. झाकण दाताने उघडलंस. चेंडू टाकतोस तो उजवा हात मांडीवर पालथा पडून होता आणि तू त्याच्याकडे बघतही नव्हतास. शेजारचा पोरगा टाळी द्यायला आला, तर तू डावा पुढे केलास आणि हसलास. तिथल्या कुणाला काही कळलं नसेल. त्यांच्यासमोर तुझे आकडे होते.

रविवारी आपण नाश्त्याला बसलो होतो तेव्हाही मी पाहिलं होतं. कॉफीचा कप तू डाव्या हाताने घेतलास, पॅनकेक काट्याच्या कडेनेच तोडलेस, सुरीला हात लावला नाहीस. मी विचारलं, तर म्हणालास, "झोपेत अवघडला असेल." लायल, तुझा खांदा तू नऊ वर्षांचा असल्यापासून मी ओळखतो. त्यावर बर्फाची पिशवी धरून मी किती संध्याकाळी बसलोय. अवघडलेला खांदा वेगळा आणि हा वेगळा.

तेवढ्यात डॉयलने माझ्या बरगडीत कोपर खुपसलं. "तू बोल की, एमरी! मूग गिळून काय बसलायस? राहतो का नाही हा त्र्याऐंशी?"

आणि मी बोललो. कसा बोललो ते मला अजून कळत नाही. "नाही राहत," मी म्हणालो, "आणि राहूही नये. हात गेलाय त्याचा. तीन वर्षांपूर्वीच थांबायला हवं होतं त्याने." आवाज जरा चढलाच असावा, कारण पुढच्या रांगेतल्या दोन बायका वळून बघायला लागल्या. विनीने पेन्सिल वहीत घातली, वही मिटली आणि मला म्हणाली, "काय घोडं मारलंय रे त्या पोराने तुझं? चार वर्षं रोज वेळेवर येतो, मान खाली घालून मेहनत करतो, कुणाला उलटून बोलत नाही. तुझ्यासारख्याने तरी असं बोलू नये." घोडं त्याने नाही, मी मारलंय, एवढंच मनात आलं.

ते काय ते आज लिहून टाकतो, कारण तोंडाने मी कधीच बोलणार नाही. तीन वर्षांपूर्वी याच टेबलाशी बसून तू म्हणालास, "बाबा, बास झालं. माझ्या सासऱ्यांच्या लाकडाच्या वखारीत जागा आहे, शाळेची टीमही सांभाळता येईल, डेनिसला, पर्लला रोज बघता येईल." माझी नात पर्ल तेव्हा चार वर्षांची होती. तू ते अगदी हलक्या आवाजात सांगितलंस, आणि तुझा चेहरा कधी नव्हे इतका मोकळा दिसत होता. आणि मी काय म्हणालो? "अजून एक वर्ष बघ. तुझ्या हातात अजून आहे." पुढच्या वर्षी तेच. गेल्या वर्षी तेच. तू कधीकाळी मुख्य संघातून मोठ्या मैदानावर खेळलास त्या अकरा दिवसांची मी तुला दर वेळी आठवण करून दिली, जणू ते उधारीवर दिले होते आणि तू ते फेडायचे होतेस.

तुझ्या हातात काही उरलंय म्हणून मी तसं म्हणालो नाही. तुझी आई गेल्यावर त्या थंड गावातल्या घरात मला एक दिवस काढवेना. सगळं विकून मी इथे आलो, ते तुझं शिबिर इथे होतं म्हणून. मार्चमध्ये तू दिसायचास. एप्रिलनंतर तू ज्या कुठल्या छोट्या गावात खेळत असशील तिथलं प्रसारण ऐकायचं, रात्री जेवताना तुझं नाव यायचं. तू थांबलास तर मी संध्याकाळी सहानंतर काय करू, हे मला कळत नव्हतं. बस. एवढंच होतं. माझ्या संध्याकाळींसाठी मी तुझी तीन वर्षं घेतली. डेनिसची घेतली, पर्लची घेतली. डेनिस माझ्याशी फोनवर तुटक बोलते, तिचं काही चुकत नाही. तिला तू बहुधा सांगितलं नसशील की आग्रह माझा होता. पण बायकांना कळतं.

मी दमलोय, लायल. बघून बघून दमलोय, आशा करून करून जास्त दमलोय. आणि माझ्यापेक्षा तू दमलायस, हे मला आज त्या बाटलीच्या झाकणावरून दिसलं.

आता आजची खरी गोष्ट. घरचा शेवटचा सामना संपला की आमच्या बाकावर चिठ्ठ्या लिहायची पद्धत आहे. प्रत्येकाने स्कोअरकार्डच्या मागच्या कोऱ्या बाजूला सव्वीस नावं लिहायची, कोण राहणार त्यांची, आणि खाली आपली सही. ज्याची जास्त जुळतील त्याला बाकीच्यांनी वर्षभर मान द्यायचा, आणि डॉयल तो कुणालाच देत नाही. विनी सगळ्या चिठ्ठ्या गोळा करते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सरबताच्या टपरीशेजारच्या फळ्यावर टाचून ठेवते. तुला तो फळा माहीत आहे. गाड्या लावून तुम्ही आत जाता ते तिथूनच, आणि तुमच्यातली पोरं थांबून वाचतात, एकमेकांना चिडवतात, हेही मी बघितलंय. तीन वर्षं माझ्या चिठ्ठीत तुझं नाव होतं. सगळ्यात वर. दोनदा तर अख्ख्या फळ्यावर ते माझ्याच चिठ्ठीत होतं. डॉयल म्हणायचा, "एमरी दर वर्षी एक नाव फुकट घालवतो." तू कधी थांबून वाचलंस की नाही, मला माहीत नाही. तू माझं अक्षर ओळखतोस, म्हणून मी समजून चाललोय की वाचलंस.

आज पंचवीस नावं भराभर लिहून झाली. सव्विसाव्या ओळीवर पेन्सिल बराच वेळ थांबली. मग मी टोबायस लिहिलं, सही केली आणि चिठ्ठी विनीच्या हातात दिली. डॉयल गर्दी टाळायला पुढे निघून गेला होता. विनीने चष्मा वर करून चिठ्ठी वरपासून खालपर्यंत वाचली, पुन्हा वाचली, आणि हळूच माझ्यापुढे धरली. "एमरी," ती म्हणाली, "तुझ्या पोराचं नाव राहिलं की रे." चार वर्षं, लायल. पहिल्या दिवसापासून तिला माहीत होतं. म्हणाली, तू चेंडू टाकायला उभा राहिलास की मी श्वास घेत नाही, आणि आंधळ्यालाही कळेल. कधी बोलली नाही, कारण मी बोलत नव्हतो. मी तिला म्हणालो, "राहिलं नाही, विनी. गाळलंय." तिने चिठ्ठी बाकीच्या चिठ्ठ्यांत ठेवली. मग विचारलं, "उद्या लावू ना ही?" आणि मी म्हणालो, "लाव."

म्हणून हे पत्र. पावणेसहा झालेत. अंधार पडायच्या आत मी ते तुझ्या मोटेलच्या काउंटरवर देऊन येईन. उद्या सकाळी तू फळ्यापाशी थांबशील आणि बापाच्या अक्षरातल्या सव्वीस नावांत तुझं शोधशील, तेव्हा ते तुला पहिल्यांदा तिथे कळू नये. खांद्याचं मी कुणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, ते तुझं तू ठरव. गुरुवारी त्यांनी तुला ठेवलं तरी तू राहायलाच हवं असं नाही, आणि काढलं तरी माझ्याकडे तोंड लपवत येऊ नकोस. पण "अजून एक वर्ष" हे आता तुला माझ्याकडून ऐकू येणार नाही. घरी जा, बाळा. माझ्या संध्याकाळींचं मी बघेन.

तुझाच,
बाबा